शेतातील शिळावर्तुळ, दगडांवरचे खळगे आणि जेसीबी येण्यापूर्वी करावयाची कामे

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला आणि सोबतची तीन छायाचित्रेही पाहिली. नागपूरजवळ काटोलच्या बाजूला आपले वडिलोपार्जित वावर आहे. त्याच्या एका कोपऱ्यात मोठमोठ्या काळ्या दगडांचे वर्तुळ आहे आणि त्यांतल्या दोन-तीन दगडांवर वाटीच्या आकाराचे खळगे ओळीने कोरलेले दिसतात. गावातील जुनी माणसे त्याला गवळ्यांचे ठाणे म्हणतात, आपले एक परिचित ती प्राचीन वेधशाळा असल्याचे सांगतात, आणि शेजाऱ्यांना खाली धन असल्याची खात्री वाटते. पावसाळ्यापूर्वी जमीन सपाट करण्यासाठी जेसीबी ठरला आहे. आपण विचारले आहे ते असे: हे नेमके काय आहे, खळग्यांचा अर्थ काय, एकदा खोदून पाहावे का, आणि सरकारला कळवले तर जमीन जाईल का?

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी म्हणून विदर्भात आलो आणि पुढे कामानिमित्त अशाच वर्तुळांच्या नोंदी घेत राहिलो, त्या अनुभवावरून लिहितो. आपण चार प्रश्न विचारले असले तरी खरा प्रश्न एकच आहे. जेसीबी येण्यापूर्वी कोणत्या गोष्टी जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत, हे आपल्याला ठरवायचे आहे. खळग्यांचा अर्थ लागण्याची जी काही शक्यता आज शिल्लक आहे, ती ज्या दगडावर खळगे आहेत तो दगड वर्तुळात कोठे उभा आहे, त्याची कोणती बाजू बाहेर आहे आणि तो मातीत किती गेला आहे, यांतच आहे. दगड हलला की खळगे राहतात, परंतु त्यांच्याकडून काही कळण्याचा मार्ग बंद होतो. खाली मी जे सुचवणार आहे, ते सारे याच एका कारणासाठी आहे.

आधी हे काय असावे ते पाहू. प्रत्यक्ष न पाहता मी खात्रीने सांगू शकत नाही, परंतु आपले वर्णन आणि जागा पाहता ते लोहयुगातील दफनाचे शिळावर्तुळ असण्याची शक्यता फार मोठी आहे. नागपूर परिसर हा अशा वर्तुळांचा भारतातील एक प्रमुख प्रदेश आहे. शहराच्या पश्चिमेला काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत आणि त्यांतील अनेक दगडांवर आपण म्हणता तसेच खळगे आहेत. माहुरझरी, टाकळघाट, खापा, नैकुंड, बोरगाव, भागीमोहारी, वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही याच परंपरेची ठिकाणे आहेत. त्यांचा काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात पडतो. टाकळघाट आणि नैकुंड येथील कार्बन चाचण्या इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपास येतात.

या वर्तुळांची दखल बरीच जुनी आहे. नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज ठाऊक असते. ज्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, ते सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची हीच वर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून बोरीकडे परतत असताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणी येथे खोदकाम केले आणि १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात दगडांवरील खळग्यांच्या ओळींचे तपशीलवार वर्णन केले. युरोपातील प्रागैतिहासिक दगडांवरील खळग्यांशी त्याने त्यांची तुलना केली. ती तुलना आज फारशी उपयोगाची नाही, कारण खळगा हा इतका साधा आकार आहे की जगात कोठेही, कोणीही, कोणत्याही कारणाने तो कोरू शकतो. परंतु त्याच्या निरीक्षणांचे मोल कायम आहे, कारण त्याने पाहिलेल्या वर्तुळांपैकी किती आज तशीच असतील याबद्दल मला शंका वाटते. शास्त्रीय पद्धतीचे उत्खनन १९६१-६२ मध्ये बा. के. थापर यांनी जुनापाणी येथे केले, आणि त्यानंतर शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे, तर पुढे अरविंद जामखेडकर यांच्यासह नैकुंड येथे केलेल्या उत्खननांतून या लोकांचे जीवन आपल्यासमोर आले.

त्या उत्खननांतून वर्तुळाची रचना कळते, आणि ती समजून घेतल्याशिवाय ‘खोदून पाहावे का’ या प्रश्नाचे उत्तर पटणार नाही. बहुतेक ठिकाणी आपल्या कल्पनेतील खोल, बांधीव थडगे मिळत नाही. बाहेर मोठ्या दगडांचे कडे असते आणि आत माती व गोट्यांची भर घातलेली असते, त्यामुळे मधला भाग किंचित फुगीर दिसतो. मृताचे अवशेष आणि सोबतच्या वस्तू अनेकदा मूळ जमिनीच्या पातळीवर किंवा उथळ खड्ड्यात ठेवून त्यांवर मातीचे वेगवेगळे थर घातलेले असतात. हाडे बहुधा तुटक आणि थोडी असतात, पूर्ण सांगाडा क्वचित मिळतो. यावरून असे मानले जाते की अनेक ठिकाणी मृतदेह आधी दुसरीकडे ठेवला किंवा पुरला जाई आणि काही काळाने निवडक अस्थी आणून येथे अंतिम विधी केला जाई. त्यात काळ्या मातीचाही वाटा आहे: ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, आणि या उलथापालथीत उरलेल्या हाडांचा भुगा होतो.

हाडांसोबत काळी-तांबडी भांडी, अभ्रकमिश्रित तांबडी भांडी, अकीकाचे मणी आणि मोठ्या प्रमाणावर लोखंड मिळते. त्यातली एक वस्तू मला नेहमीच थांबवते. ती म्हणजे चपटी लोखंडी कुऱ्हाड, जिला दांड्यावर घट्ट बसवण्यासाठी लोखंडाच्याच पट्ट्या आडव्या-तिरप्या आवळलेल्या असतात. ही पद्धत विदर्भाची ओळख म्हणावी इतकी येथे दिसते. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, म्हणजे हे लोक लोखंड केवळ वापरत नव्हते, तर स्वतः तयार करत होते. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष, त्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. काही हाडांवर कापल्याच्या खुणा असल्याने धन्यासोबत घोड्याचाही बळी दिला जात असावा असे अभ्यासकांना वाटते.

आपल्या शेजाऱ्यांच्या धनाच्या शंकेचे उत्तरही येथेच देतो, कारण माझ्या अनुभवात वर्तुळांचा सर्वाधिक नाश याच समजुतीने झाला आहे. काही मोजक्या वर्तुळांत सोन्याचे लहान, हलके अलंकार मिळाले आहेत, हे खरे आहे. परंतु गुप्तधनाचा हंडा म्हणून लोक जे शोधतात, ते येथे नसते. रात्री खोदणाऱ्यांच्या हाती गंजलेले लोखंड आणि फुटकी खापरे लागतात, ती ते तेथेच फेकून देतात. पुढे कोणी पुरातत्त्वज्ञ आला तर त्याला एक खड्डा आणि सर्व थर एकमेकांत मिसळलेली माती मिळते, जिच्यातून कोणती वस्तू कोणत्या वेळी, कोणाशेजारी ठेवली होती हे सांगणे अशक्य असते.

गवळ्यांच्या ठाण्याची आठवण मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनीही नागपूर भागातील लोकांकडून हीच माहिती नोंदवली आहे. पुरावा म्हणून ती टिकत नाही, कारण ही ठाणी नसून दफने आहेत हे उत्खननांनी दाखवले आहे. परंतु हे दगड आपोआप पडलेले नसून कोणा जुन्या लोकांनी मांडलेले आहेत, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखून ठेवले होते. आपल्या गावातील वृद्धांनी या जागेबद्दल जे सांगितले असेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे, ही माझी विनंती आहे.

आता खळग्यांकडे वळतो. अर्थाच्या आधी ते खरोखर कोरलेले आहेत का, हे पाहावे लागेल, कारण आपल्या भागातील काळा दगड या बाबतीत फसवा आहे. हा दख्खनचा बेसाल्ट. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरतात आणि दगड झिजला की ती गळून पडून खळगे उरतात. असे नैसर्गिक खळगे दगडभर विखुरलेले, लहानमोठे, कडांना धारदार असतात आणि आत कधी कधी स्फटिकांची चकाकी दिसते. दगड जेथे फुटला आहे तेथेही ते दिसतात. कोरलेले खळगे साधारण एकाच मापाचे, उथळ, तळाला गोलाई असलेले असतात, त्यांची कड वाऱ्यापावसाने बोथट झालेली असते आणि आतला रंग बाहेरच्या दगडासारखाच जुना, करडा पडलेला असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते ओळीने असतात. जुनापाणीला एकेरी ओळीही आहेत आणि शेजारी-शेजारी जोडओळीही आहेत.

तिसरी शक्यता वडारांच्या कामाची. दगड फोडण्यासाठी पाचर बसवायला छिन्नीने पाडलेली छिद्रेही सरळ ओळीत असतात, परंतु ती गोल नसून लांबट, चौकोनी तोंडाची आणि आत सरळ उतरणारी असतात, आणि त्यांचा रंग बहुधा उजळ असतो. आपल्या तिसऱ्या छायाचित्रातील ओळ मला या प्रकारची वाटते. पहिल्या दोन छायाचित्रांतील खळगे मात्र कोरलेलेच असावेत असे माझे मत आहे. तिसऱ्या छायाचित्रातील ओळ खरोखर पाचरेच्या छिद्रांची असेल, तर आपल्या वर्तुळातील एक दगड कोणीतरी फोडून नेण्याच्या तयारीत होते, हेही त्यातून कळते.

खळगे खरे आहेत असे धरून चालू. त्यांचा अर्थ काय? हे लोक लेखन करत नव्हते, त्यामुळे सरळ उत्तर देणारा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. आतापर्यंत मांडलेल्या कल्पना तीन गटांत बसतात. खळगे मोजणीसाठी असावेत, म्हणजे पुरलेल्या माणसांची, त्यांच्या घराण्याची किंवा दर्जाची खूण असावी, ही पहिली. खळगा कोरणे हीच विधीतील एक कृती असावी, ही दुसरी. आणि ते दिशादर्शक असावेत, सूर्य किंवा तारे पाहण्याशी त्यांचा संबंध असावा, ही तिसरी. आपल्या परिचितांचे वेधशाळेचे मत याच तिसरीतून आले आहे. हे मत हवेतले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांसह काहींनी जुनापाणी येथे वर्तुळांच्या मध्यापासून खळग्यांच्या दगडांच्या दिशा मोजल्या आहेत आणि त्यांत खगोलीय हेतू असू शकतो अशी शक्यता मांडली आहे. अशी मोजणी व्हायलाच हवी.

तरीही एका वर्तुळावरून असा निष्कर्ष का काढू नये, ते सांगतो. नागपूरच्या अक्षांशावर वर्षभरात सूर्योदयाचे स्थान उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास साधारण ६५ ते ११५ अंशांच्या दरम्यान सरकते, म्हणजे सुमारे ५० अंशांचा पट्टा होतो. सूर्यास्ताचा तेवढाच पट्टा पश्चिमेला असतो. दोन्ही मिळून १०० अंश झाले, म्हणजे ३६० अंशांच्या वर्तुळाचा चौथ्या भागाहून थोडा अधिक हिस्सा. आता कोणीही डोळे मिटून कोणत्याही दगडावर खळगे कोरले, तरी दर चार दगडांमागे एखादा दगड वर्षातल्या कोणत्या ना कोणत्या सूर्योदयाकडे किंवा सूर्यास्ताकडे रोखलेला निघणारच. म्हणून शेकडो वर्तुळांतील दिशा एकत्र करून त्यांत अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी कोठे होते का, हे पाहावे लागते. त्या शेकड्यांत आपल्या वर्तुळाची नोंद एक भर घालेल, आणि दगड जागचा हलला तर ती भर कायमची कमी होईल.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी दुसऱ्या कल्पनेकडे झुकतो, म्हणजे खळगे हा दफनविधीचाच भाग असावा. ज्या वर्तुळांत दगड ठेवण्यासाठी एवढे श्रम घेतले, तेथे काही दगडच खळग्यांसाठी निवडले गेले आणि बाकीचे कोरे राहिले, याला एखाद्या विशिष्ट व्यक्तीशी किंवा नात्याशी जोडलेले कारण असावे असे मला वाटते. परंतु हे मत मी एका निरीक्षणावर टांगून ठेवले आहे, आणि ते आपणही करू शकता. ज्या दगडावर खळग्यांची ओळ आहे, तो जमिनीत शिरतो तेथे वाकून पाहा. ओळ मातीच्या वरच संपते, की शेवटचा खळगा अर्धा मातीत गेलेला दिसतो? ओळ मातीखाली जात असेल, तर दगड उभा करण्यापूर्वी खळगे कोरले गेले असण्याची शक्यता वाढते. ओळ आजच्या जमिनीच्या बऱ्याच वर थांबत असेल आणि माणसाच्या हाताच्या सोयीच्या उंचीवर असेल, तर दगड बसवल्यानंतर, कदाचित पुढच्या विधींच्या वेळी ते कोरले गेले असावेत. गेल्या अडीच हजार वर्षांत माती साचलीही असेल आणि वाहूनही गेली असेल, म्हणून यावरून लगेच निर्णय करू नये. आणि कृपया माती उकरून पाहू नका. जे उघडे आहे तेवढेच पाहा आणि त्याचे छायाचित्र घ्या.

आपल्या पत्रातील एक वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, परंतु मला ते महत्त्वाचे वाटले. गावातील एक गोंड कुटुंब वर्षातून एकदा वर्तुळातील एका दगडाला शेंदूर आणि नारळ वाहते, आणि हे आदिवासींच्याच पूर्वजांचे स्मारक आहे का, असे आपण विचारता. याचे उत्तर मला जपून द्यावे लागेल. लोहयुगातील ते लोक कोणती भाषा बोलत होते आणि आज त्यांचे वंशज कोण, हे सिद्ध करणारा पुरावा नाही. मधल्या काळात या प्रदेशात अनेक लोक आले, गेले आणि मिसळले. म्हणून ‘हे गोंडांचेच आहे’ असे मी म्हणणार नाही, आणि ‘त्यांचा काही संबंध नाही’ असेही म्हणणार नाही.

परंतु मृतांसाठी दगड उभारण्याची परंपरा मध्य भारतात आजही जिवंत आहे, आणि ती आदिवासी समाजांनी जपली आहे. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला माडिया गोंडांच्या गावांजवळ मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडांच्या रांगा दिसतात. शेजारच्या बस्तरमध्ये, दंतेवाड्याच्या परिसरात, दगडाचे आणि लाकडाचे स्मृतिस्तंभ आहेत, ज्यांतील काहींवर मृताच्या आयुष्यातील प्रसंग, प्राणी आणि नाच कोरले किंवा रंगवले जातात. झारखंडमध्ये मुंडा समाजात ‘ससनदिरी’ असते. तेथे मृताच्या अस्थी काही काळाने विधीपूर्वक आणून कुळाच्या मोठ्या सपाट शिळेखाली ठेवल्या जातात. विदर्भातील वर्तुळांत तुटक आणि निवडक अस्थी का मिळतात, हे समजायला मला उत्खननाच्या अहवालांइतकीच या चालू परंपरांची मदत झाली. दगड आणणे हे एका घराचे काम नसते. कुळातील आणि गावातील माणसे जमतात, दगड ओढतात, त्यांना जेवण द्यावे लागते, आणि ज्याचे देणे फिटलेले नाही त्याला दगड उभारायला वर्षे लागू शकतात. आपल्या वर्तुळातील सर्वांत मोठ्या दगडाकडे पाहताना तो ओढायला किती माणसे लागली असतील आणि ती कोणाच्या शब्दाखातर आली असतील, याचा विचार करावा.

त्या कुटुंबाचा नारळ थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या श्रद्धेमुळेच कदाचित तो दगड आजवर राहिला आहे. फक्त दगडावर तैलरंग लावू नये, सिमेंटचा चौथरा बांधू नये आणि वर्तुळाच्या आत खड्डा घेऊन खांब रोवू नये, एवढे त्यांच्याशी आदराने बोलून ठरवावे. जमीन सपाट करायची की नाही हे ठरवतानाही त्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

आता कायद्याकडे येतो, कारण आपली मुख्य काळजी तीच दिसते. पहिले काम म्हणजे गट क्रमांक घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे, हे वर्तुळ आधीच केंद्र संरक्षित आहे का, याची चौकशी करणे. नागपूर जिल्ह्यात जुनापाणीसह अनेक गावांची शिळावर्तुळे केंद्र संरक्षित यादीत आहेत आणि कित्येक जमीनमालकांना हे ठाऊक नसते. ते संरक्षित असेल तर १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार त्याला हात लावणे गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते.

यादीत नसेल तर केवळ कळवल्यामुळे जमीन सरकारजमा होत नाही. केंद्र सरकारला एखादे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवायचे असेल, तर आधी दोन महिन्यांची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, आणि संरक्षण झाल्यावरही मालकी मूळ मालकाकडे राहू शकते. सरकारला संपादनाचा अधिकार कायद्याने आहे, हे मी लपवत नाही, आणि संरक्षण झाले तर विहीर किंवा घर बांधण्यावर वर सांगितलेली बंधने येतील. आपल्या बाबतीत ही बंधने कितपत जाचक ठरतील, हे वर्तुळ वावराच्या कोणत्या भागात आहे आणि पुढे तेथे काय करण्याचा विचार आहे यावर अवलंबून राहील. ते धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून कोपऱ्यात आहे असे आपण लिहिले आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे. आणखी एक लक्षात ठेवावे. नांगरताना आपोआप काही मौल्यवान वस्तू वर आली, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विकणे किंवा घरी ठेवणे महागात पडते.

म्हणून ‘खोदून पाहावे का’ याचे माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. उत्खनन परवान्याने, थरांची नोंद ठेवत, हाडे आणि धातू हाताळण्याची सोय असलेल्या संस्थेनेच करावे. आणि खरे सांगायचे तर, तज्ज्ञांनीही आपले वर्तुळ आज उघडावेच असे मला वाटत नाही. न उघडलेली वर्तुळे झपाट्याने कमी होत आहेत, आणि मातीतील सूक्ष्म अवशेष वाचण्याच्या पद्धती दर दशकात सुधारत आहेत.

खोदण्याऐवजी पुढील पंधरवड्यात आपण स्वतः काही गोष्टी करू शकता, त्यांची नोंद कोणत्याही अभ्यासकाला उपयोगी पडेल. वर्तुळाच्या मध्यावर अंदाजाने एक जागा ठरवून तेथून प्रत्येक दगडापर्यंत दोरीने किंवा टेपने अंतर मोजावे आणि कागदावर प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा. दगडांवर क्रमांक लिहू नयेत. दिशा घेताना होकायंत्र किंवा मोबाइल दगडावर टेकवू नये, कारण बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असते आणि काटा सहज भरकटतो. मध्यावर उभे राहून, दगडांपासून दूर, कमरेच्या उंचीवर धरून दिशा घ्यावी. शंका वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत.

छायाचित्रे भर दुपारी काढू नयेत. तेव्हा खळगे सपाट दिसतात. सूर्य उगवल्यानंतरच्या किंवा मावळण्यापूर्वीच्या तासाभरात तिरपा प्रकाश पडतो आणि जे खळगे हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, तेही उठून येतात. अंधारात विजेरी दगडाला जवळजवळ समांतर धरली तरी हाच परिणाम साधतो. मापासाठी बाजूला पट्टी ठेवावी. खळगे ठळक दिसावेत म्हणून त्यांत खडू, चुना किंवा रंग भरण्याचा मोह होतो, तो टाळावा. दगडफूलही तारेच्या ब्रशने घासून काढू नये, कारण त्यासोबत दगडाचा वरचा पापुद्रा निघतो आणि कोरल्याच्या खुणा त्याच पापुद्र्यात असतात. वर्तुळाच्या आसपास नांगरटीत वर आलेली खापरे दिसली तर ती जागेवरच ठेवून त्यांचे छायाचित्र घ्यावे.

जमीन सपाट करण्याचे काम पूर्ण रद्द करण्याची गरज नाही. बाहेरील दगडांपासून चारही बाजूंना निदान तीन मीटर जागा सोडून दोरी बांधावी आणि जेसीबीच्या चालकाला ती स्वतः उभे राहून दाखवावी. माझ्या पाहण्यात नुकसान बहुधा मालकाच्या गैरहजेरीत, धुऱ्याला दगड हवेत म्हणून झाले आहे. आतला फुगीर भाग तणासह तसाच राहू द्यावा. तेथे झाड लावू नये, मुरूम काढू नये आणि वेचलेले गोटे आणून टाकू नयेत, कारण काही वर्षांनी कोणता गोटा मूळचा आणि कोणता टाकलेला हे ओळखता येत नाही. जवळपास आणखी वर्तुळे असण्याचीही शक्यता आहे. ती सहसा एकटी नसतात. यंत्र फिरण्यापूर्वी संपूर्ण वावर आणि शेजारचे पडीक एकदा पायी फिरून पाहावे, विशेषतः जेथे जमीन उंच आणि खडकाळ आहे तेथे.

हे सर्व झाल्यावर एक साधा अर्ज गट क्रमांक, आपण काढलेला नकाशा आणि छायाचित्रे जोडून तहसीलदारांकडे द्यावा आणि त्याची प्रत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयाला आणि नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला पाठवावी. पोहोच घेऊन ठेवावी. उत्तर यायला वेळ लागतो. विद्यापीठातील मंडळी बहुधा लवकर येतात, कारण विद्यार्थ्यांना सर्वेक्षणासाठी अशी ठिकाणे हवीच असतात.

खळग्यांच्या दगडांची, ते मातीत शिरतात त्या ठिकाणची जवळून घेतलेली छायाचित्रे आणि मध्यापासूनच्या दिशा आपण येथे टाकल्यात, तर मी पाहून माझे मत कळवीन. तिसऱ्या छायाचित्रातील त्या ओळीचे मात्र दुसऱ्या कोनातून आणि पट्टी ठेवून आणखी एक छायाचित्र आधी पाठवा, कारण ती पाचरेची छिद्रे असतील तर दगड फोडणारा माणूस केव्हा आला होता, हे आपल्याला गावात विचारून घ्यावे लागेल.